अ‍ॅनिमेची सुरुवात कुठून करावी?

आपल्यापैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांतील बहुतेकांनी जपानी अ‍ॅनिमे पाहिलेले आहे. फक्त ते जपानी आहे, हे तेव्हा आपल्याला कोणी सांगितले नव्हते. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही मालिका लागत असे. शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचे आणि संगीत विशाल भारद्वाज यांचे. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. रविवारची वॉर्डातील फेरी लवकर आटोपून वसतिगृहाच्या दिवाणखान्यातील एकुलत्या दूरचित्रवाणी संचासमोर जागा धरण्यासाठी धावणाऱ्यांत एम.डी. आणि एम.एस. असा भेद नव्हता. ती बावन्न भागांची मालिका जपानमधील निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये तयार केली होती. मोगलीचे ते मोठे डोळे आणि जंगलातील ती लांबलचक शांतता कुठून आली होती, याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी झाला.

‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाचीही तीच कथा. युगो साको या जपानी गृहस्थाने आपल्या राम मोहन यांच्या साथीने १९९०च्या दशकाच्या आरंभी तो केला. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्याने उजळून भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा आजी-आजोबा नातवंडांना घेऊन गेले आणि ‘चित्रे किती सुंदर आहेत’ म्हणत परतले. ‘अ‍ॅनिमे’ हा शब्द मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या तोंडी आला असेल.

या शब्दाविषयी थोडे सांगते. जपानी माणूस ‘अ‍ॅनिमे’ म्हणतो तेव्हा त्याच्या लेखी जगातले कोणतेही अ‍ॅनिमेशन त्यात येते. जपानबाहेर आपण तो शब्द जपानी अ‍ॅनिमेशनपुरता वापरतो. आणि आपल्याकडे पालक त्याला ‘कार्टून’ म्हणतात. येथूनच घोटाळ्याला आरंभ होतो. कार्टून म्हटले की ते लहान मुलांचे, आणि लहान मुलांचे म्हटले की ते निरुपद्रवी, असे आपण गृहीत धरतो. पालक ज्याच्या उद्धटपणाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात, तो शिन-चान १९९० मध्ये प्रथम अवतरला तो मोठ्यांसाठी निघणाऱ्या एका जपानी चित्रकथा-साप्ताहिकात! तो विनोद आई-बापांनी स्वतःवर हसावे म्हणून होता. आपण तो पाच वर्षांच्या मुलासमोर वरणभाताच्या ताटाबरोबर ठेवला.

गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत येणाऱ्या तेरा ते सतरा वयोगटातील मुलांची एक मोठी अडचण झाली आहे. ती बोलत नाहीत. आई बोलते, वडील बोलतात, मूल मोबाइलकडे पाहते. ‘शाळा कशी आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘सध्या काय पाहतोस?’ असे विचारले आणि त्याने घेतलेले नाव मला ओळखता आले, तर मात्र तेच मूल खुर्चीत सरळ बसते. पालकांना बाहेर बसवून केलेल्या पंधरा मिनिटांच्या संभाषणात झोप, भूक, वर्गातला त्रास, कधी मनातले काळे विचार, असे सारे बाहेर येते. या कारणाने मी अ‍ॅनिमे पाहू लागले आणि नंतर स्वतःच्या आनंदासाठी पाहत राहिले. मंडळातील सहकारी आता मला विचारतात की, आम्हालाही पाहायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी? हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर होय.

घरातील मुलांना विचारू नये, हा पहिला सल्ला. ती प्रेमाने आपली आवडती मालिका सुचवतील, आणि ती बहुधा ‘वन पीस’ निघेल. १९९९ पासून चालत आलेल्या या मालिकेचे भाग अकराशेच्या पुढे गेले आहेत. ज्याने कधी गाणे ऐकलेले नाही त्याला रात्रभराच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसवावे, तसे ते होईल. एका बैठकीत संपणाऱ्या चित्रपटापासून आरंभ करावा. मूळ जपानी आवाज ठेवावा आणि उपशीर्षके लावावीत. जपानीत क्रियापद आपल्या मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे बोलणारा जिथे अडखळतो, थांबतो, गिळतो, ती जागा आपल्या कानाला ओळखीची वाटते. इंग्रजी ध्वनिमुद्रणात ती जागा हरवते.

नवा प्रेक्षक हमखास एक तक्रार करतो : ‘यात चित्र हलतच नाही! नुसते ओठ हलतात.’ या तक्रारीचे मूळ एका डॉक्टरापाशी जाते. ओसामु तेझुका (१९२८-१९८९) हे ओसाका येथे वैद्यकशास्त्र शिकले, परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि त्यांनी चित्रे काढणे पसंत केले. पुढे १९६१ मध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेटही मिळवली. प्रबंधाचा विषय होता गोगलगायीच्या शुक्रपेशींची सूक्ष्मरचना. (आपल्यापैकी ज्यांना आपल्या प्रबंधाचा विषय आता आठवत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.) १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, हाताशी पैसा थोडा आणि माणसेही थोडी. मग त्यांनी चित्रांची संख्याच कमी केली. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, तेच आकाश पुन्हा वापरायचे, धावणाऱ्या माणसाऐवजी मागची दृश्यरेषा सरकवायची. काटकसरीतून आलेली ही रीत पुढे शैली झाली. चांगल्या दिग्दर्शकाच्या हाती ती स्थिरता बोलू लागते. पाऊस पडत असतो, एक मुलगी थांब्यावर उभी असते, आणि पडद्यावर काहीही ‘घडत’ नसताना आपण श्वास रोखून पाहत असतो. तेझुकांनी १९७३ पासून ‘ब्लॅक जॅक’ ही परवाना नसलेल्या एका शल्यविशारदाची चित्रकथा लिहिली. तिच्यावर पुढे मालिकाही आल्या. शल्यचिकित्सक मित्रांनी त्या अवश्य पाहाव्यात आणि त्यातील शस्त्रक्रियांवर फार विश्वास ठेवू नये.

आता पहिला चित्रपट. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) हे नाव सगळेच घेतात. त्याला २००२ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणि २००३ मध्ये ऑस्कर मिळाले आहे, आणि तो थोर आहे यात शंका नाही. तरी मी नवख्याला त्याच दिग्दर्शकाच्या, हायाओ मियाझाकींच्या, ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटापासून सुरुवात करायला सांगते. तो दीड तासाच्या आतच संपतो. त्यात खलनायक नाही, मारामारी नाही, आणि कथा म्हणावी तर दोन ओळींची आहे. सात्सुकी आणि चार वर्षांची मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर खेड्यातील एका जुन्या घरात राहायला येतात, कारण त्यांची आई जवळच्या रुग्णालयात आहे. मेईला मागच्या रानात एक प्रचंड, गुबगुबीत, मांजर आणि घुबड यांच्यामधला प्राणी भेटतो. तोच टोटोरो.

आईला कोणता आजार आहे हे चित्रपटात उच्चारले जात नाही. पण काळ १९५०च्या दशकातला, रुग्णालय गावाबाहेर टेकडीशी, मुक्काम महिनोन्‌महिन्यांचा. आपल्यापैकी कोणाही डॉक्टराला निदान करायला क्ष-किरण तपासणीची गरज पडणार नाही. मियाझाकींच्या आईला मणक्याचा क्षय होता, आणि त्यांच्या बालपणीची कित्येक वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. हे ठाऊक असले की चित्रपटातील एक प्रसंग निराळाच दिसतो. आई शनिवार-रविवारी घरी येणार म्हणून मुली दिवस मोजत असतात. तेवढ्यात रुग्णालयाची तार येते : येणे लांबले. मोठी सात्सुकी, जी सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते, मेईची समजूत घालते, वडिलांना काही जाणवू देत नाही, ती शेजारच्या आजींसमोर एकदम कोसळते. आई मेली तर काय, हा प्रश्न ती प्रथमच मोठ्याने विचारते. आणि मेई, जिला कोणी काही नीट सांगितलेले नाही, ती एक मक्याचे कणीस छातीशी धरून एकटीच रुग्णालयाच्या वाटेला लागते. हे ताजे कणीस खाल्ले की आई बरी होईल, हे तिने स्वतःच ठरवले आहे.

बालरोगतज्ज्ञाला या दोन्ही मुली रोज भेटतात. काही वर्षांपूर्वी एक आजी सात वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पोट दुखते, शाळेत जात नाही, रात्री दचकून उठते. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळे तपासून झालेले आणि सगळे निर्दोष. आई कुठे आहे, असे विचारले तेव्हा आजींनी मुलीला वजनकाट्याकडे पिटाळले आणि आवाज खाली केला. आई मुंबईला केमोथेरपीसाठी गेली होती. मुलीला सांगितले होते, ‘आई मावशीकडे गेली आहे.’

‘इतक्या लहान पोरीला काय सांगायचं, डॉक्टरबाई?’ आजी म्हणाल्या. ‘तिला काय कळणार?’

‘तिला कळलंय, आजी. म्हणूनच पोट दुखतंय.’

आजींना ते पटले नाही, आणि त्यांचे चुकले असेही मी म्हणणार नाही. आपल्या घराघरांत मुलाला दुःखापासून दूर ठेवणे हीच माया मानली जाते. मी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतले. काय सांगावे, किती सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे, हे बोललो. आणि औषधाच्या चिठ्ठीवर ‘टोटोरो’ हे नाव लिहून, आधी स्वतः पाहा, मग तिला मांडीवर घेऊन पाहा, असे सांगितले. त्यांनी तसे केले. चित्रपट संपल्यावर मुलीने वडिलांना विचारले, ‘आपल्या आईलापण रोज सुई टोचतात का?’ मावशीकडे सुया टोचत नाहीत, हे तिला अर्थातच पहिल्यापासून ठाऊक होते. त्या रात्री बाप-लेकीचे बोलणे झाले. पोटदुखी दुसऱ्या दिवशी गेली असे लिहिले तर ते वाचायला गोड वाटेल, पण ती जायला तीन-चार महिने लागले. शाळा मात्र पुढच्या आठवड्यात सुरू झाली.

चित्रपट हे औषध नव्हे. पण घरात ज्या गोष्टीला शब्द नाहीत, तिला तो एक चित्र देतो, आणि मग मोठ्यांना बोलायला जागा मिळते. ‘टोटोरो’मध्ये आईच्या आजारावर मात करणारी जादू नाही. टोटोरो कोणालाही बरे करत नाही. तो फक्त पावसात शेजारी उभा राहतो.

यानंतर थोडे हसायचे असेल तर मामोरु होसोदांचा ‘वुल्फ चिल्ड्रन’ (२०१२) पाहावा. एका तरुण विधवेची दोन मुले अर्धी माणूस आणि अर्धी लांडगा आहेत. मुलगी काहीतरी भलतेच गिळते, आणि बिचारी आई एका बाजूला बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला पशुवैद्याचा दवाखाना यांच्या मध्ये रस्त्यावर उभी राहते. कुठे जावे? पहिल्या बाळंतपणानंतरची प्रत्येक आई अशा एखाद्या रस्त्यावर उभी असते. हसता हसता पुढे हा चित्रपट मुलांनी आपल्याहून निराळे होण्याविषयी जे सांगतो, ते वसतिगृहात मुले पाठवलेल्या पालकांना जड जाईल, एवढी सूचना देऊन ठेवते.

‘टोटोरो’ ज्या दिवशी प्रदर्शित झाला, त्याच दिवशी, म्हणजे १६ एप्रिल १९८८ रोजी, त्याच तिकिटात दुसरा एक चित्रपट दाखवला जात होता. त्याचे नाव ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. तो आधी पाहून मग ‘टोटोरो’ पाहणारे कदाचित निभावले असतील. उलट क्रमाने पाहणाऱ्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही.

१९४५ चा उन्हाळा, कोबे शहरावर अमेरिकी विमाने आगीचा वर्षाव करत आहेत. चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची आई त्यात भाजून मरते, वडील नौदलात दूर. नातेवाईक बाईच्या टोमण्यांना कंटाळून दोघे एका पडक्या आश्रयस्थानी राहू लागतात. मुले जगणार नाहीत, हे चित्रपट पहिल्याच दृश्यात सांगून टाकतो. पुढे पाहायचे राहते ते एवढेच की, कसे. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची. युद्धात त्यांनी आपली धाकटी बहीण उपासमारीने गमावली होती. ताकाहातांनी स्वतः लहानपणी ओकायामा शहरावरील बॉम्बहल्ला अनुभवला होता.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो प्रेक्षक म्हणून. दुसऱ्यांदा पाहिला तो बालरोगतज्ज्ञ म्हणून. तीव्र कुपोषणाचे इतके अचूक चित्रण मला कोणत्याही माहितीपटात दिसलेले नाही. प्रथम अंगावर पुरळ आणि जुलाब. मग चिडचिड संपते आणि तिच्या जागी एक विचित्र शांतपणा येतो. मूल खेळणे सोडते. भूक लागायची ती लागेनाशी होते, आणि समोर अन्न आले तरी डोळे तिकडे वळत नाहीत. पोषण पुनर्वसन केंद्रात ज्यांनी काम केले आहे त्यांना ही उदासीनता ओळखू येईल. रडणाऱ्या मुलापेक्षा न रडणाऱ्या मुलाची आपल्याला अधिक धास्ती वाटते, ती याच कारणाने. सेत्सुको मातीचे गोळे भाताचे लाडू समजून भावाला वाढते, तेव्हा तिची शुद्धही हरपत चालली आहे हे दिग्दर्शक एक शब्द न बोलता सांगतो.

त्या चित्रपटात एक डॉक्टर आहे. फार थोडा वेळ दिसतो. तो सेत्सुकोला तपासतो, कुपोषणाने आलेली अशक्तता आहे असे निदान करतो आणि पोषक आहार द्या असे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतो. निदान बरोबर आहे. सल्लाही बरोबर आहे. आणि अन्न आणायचे कुठून, हे सेइता किंचाळून विचारतो तेव्हा त्या डॉक्टराजवळ उत्तर नाही. तो निर्दय नाही. बाहेर रांग आहे. मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या आयांना ‘दूध, डाळ, अंडी, फळे द्या’ असे लिहून देताना मला तो डॉक्टर आठवतो. तेरा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. मोठ्यांनीही रात्री उशिरा, एकटे असताना पाहू नये.

मन हलके करण्यासाठी लगेच ‘सेल्स अ‍ॅट वर्क’ (२०१८) घ्यावी. ही मालिका आपल्या धंद्यातील माणसांसाठीच केली असावी असे वाटते. आकाने शिमिझु या चित्रकर्तीच्या चित्रकथेवरून ती आली. मानवी शरीर हे एक महानगर आणि पेशी हे त्याचे नोकरदार. तांबडी रक्तपेशी ही वारंवार रस्ता चुकणारी, प्राणवायूची खोकी पोहोचवणारी मुलगी. न्यूट्रोफिल हा पांढऱ्याशुभ्र गणवेशातील अबोल तरुण. जंतू दिसला की सुरा काढतो आणि काम झाल्यावर रक्ताळलेल्या कपड्यांतच शांतपणे चहा पितो. पहिल्याच भागात न्यूमोकॉकस फुप्फुसाकडे निघतो आणि शिंकेच्या अग्निबाणात बसवून त्याची रवानगी बाहेर होते. प्लेटलेट ही निळे झबले घातलेली चिमुकली मुले आहेत. एकमेकांचे हात धरून जखमेवर जाळी ओढतात. डेंग्यूच्या मोसमात ‘प्लेटलेट किती झाल्या?’ हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकल्यावर, त्या प्लेटलेटांना तोंडे, आवाज आणि शिस्त असलेली पाहून मला फार बरे वाटले. पपईच्या पानांचा रस काढणाऱ्या पालकांना मी तो भाग पाहायला सांगते. त्यांचा रस काढणे थांबत नाही, पण प्लेटलेट कशासाठी असतात हे तरी कळते. रक्त बरेच सांडते, म्हणून आठ वर्षांपुढे ठीक. तिचीच ‘कोड ब्लॅक’ (२०२१) ही भगिनी-मालिका सिगारेट, दारू आणि अपुऱ्या झोपेने पोखरलेल्या शरीरात घडते. आपल्या काही सहकाऱ्यांना ती भेट द्यावी, असे मनात आहे. नावे घेत नाही.

‘द अपोथेकरी डायरीज’ (२०२३ पासून) ही मालिका मला एका विशेष कारणासाठी आवडते. प्राचीन चीनसारख्या एका कल्पित राजवाड्यात राजाची तान्ही मुले आजारी पडून मरत आहेत. लोक शापाच्या गोष्टी करतात. औषधी जाणणारी माओमाओ नावाची दासी पाहते आणि ओळखते की, मातांच्या चेहऱ्यावरील पांढऱ्या पावडरीत विष आहे. ती निनावी चिठ्ठी पाठवते. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरी ऐकत नाही. हे कल्पित नव्हे, याची आठवण बालरोगाच्या इतिहासात आहे. जपानमध्ये तान्ह्या मुलांना होणारा मेंदूज्वरासारखा एक गूढ आजार कित्येक वर्षे डॉक्टरांना चकवत होता. १९२३ मध्ये क्योतो विद्यापीठातील बालरोगाचे प्राध्यापक हिराई यांनी त्याचे कारण दाखवून दिले : आयांच्या चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या भुकटीतील शिसे. आपल्याकडेही बाळाच्या डोळ्यांत बाजारचा सुरमा घालणाऱ्या घरांना हे सांगण्यासारखे आहे, कारण सुरम्यात शिसे सापडते. माओमाओ तपासते, पाहते, प्रश्न विचारते आणि मगच बोलते. निवासी डॉक्टरांना मी एवढ्यासाठी ती सुचवते. गणिकांच्या वस्तीचा उल्लेख वारंवार येतो, तेव्हा वयाचे भान ठेवावे.

किशोरवयीन मुले ज्यांच्या घरात किंवा ओपीडीत आहेत, त्यांनी ‘अ सायलेंट व्हॉइस’ (२०१६) टाळू नये. योशितोकी ओइमा यांची चित्रकथा, नाओको यामादा यांचे दिग्दर्शन. सहावीच्या वर्गात शोको नावाची कर्णबधिर मुलगी येते. तिला छळण्यात शोया हा मुलगा पुढे असतो. पाच महिन्यांत तिची आठ श्रवणयंत्रे मोडतात किंवा हरवतात. प्रकरण उघडकीस आल्यावर बाकीचे सगळे हात झटकतात, आणि छळणारा तो आता स्वतः एकटा पडतो. काही वर्षांनी तो तिला शोधत येतो, तेव्हा तो खाणाखुणांची भाषा शिकून आलेला असतो. शोयाला वर्गातल्या कोणाच्याही डोळ्यांत पाहता येत नाही, हे दाखवण्यासाठी दिग्दर्शिकेने प्रत्येक चेहऱ्यावर एक निळी फुली मारली आहे. सामाजिक भयगंडाचे वर्णन मी विद्यार्थ्यांना पानेच्या पाने शिकवले; ती फुली एका क्षणात शिकवून जाते. जन्मानंतर एका महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, हे आपण सांगत असतोच. श्रवणयंत्र बसवल्यावर त्या मुलाच्या वर्गात काय होते, हे आपण क्वचितच विचारतो.

एक कडक सूचना. या चित्रपटात आत्महत्येचे प्रयत्न दाखवले आहेत. ज्या मुलाविषयी काळजी वाटते, त्याच्या हाती तो नुसता सोपवू नये. आपण आधी पाहावा, शेजारी बसून पुन्हा पाहावा आणि नंतर बोलावे. हा चित्रपट करणाऱ्या क्योतो अ‍ॅनिमेशनच्या वास्तूला १८ जुलै २०१९ रोजी एका इसमाने आग लावली, आणि छत्तीस माणसे मृत्युमुखी पडली. ही चित्रे हाताने काढणारी माणसे होती.

सूचनांचा विषय निघालाच आहे तर झटक्यांविषयीही सांगते, कारण पालक विचारतात. १६ डिसेंबर १९९७ रोजी संध्याकाळी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला, आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांना त्यापूर्वी कधीही झटका आलेला नव्हता. प्रक्षेपण काही महिने बंद राहिले आणि जपानी वाहिन्यांनी अशा लखलखाटावर मर्यादा घातल्या. प्रकाशाने झटके येणाऱ्या मुलाला अ‍ॅनिमे वर्ज्य नाही. खोलीत दिवा लावलेला असावा, पडदा दूर असावा, झोप पुरी झालेली असावी, आणि लखलखाट आलाच तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाकावा. दोन्ही डोळे नुसते मिटण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. ‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’ आणि ‘डेथ नोट’ या मालिका चौथी-पाचवीतली मुले पाहतात, हे मला मंजूर नाही. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्ही सोळा वर्षांपुढच्यांसाठी आहेत. माझ्या ओपीडीत यावर वाद घालणारे पुष्कळ येतात. मी ऐकत नाही.

शेवटी खास डॉक्टरांसाठी, आणि फक्त मोठ्यांसाठी, ‘मॉन्स्टर’ (२००४-०५). नाओकी उरासावा यांच्या चित्रकथेवरून केलेली ही ७४ भागांची मालिका. १९८६, जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ. डॉ. केन्झो तेन्मा हा हुशार जपानी मेंदू-शल्यविशारद, संचालकांचा लाडका. एका रात्री आधी आलेल्या तुर्की मजुराला बाजूला ठेवून त्याला एका प्रसिद्ध गायकावर शस्त्रक्रिया करायला लावतात. मजूर मरतो. त्याची बायको रुग्णालयाच्या दारात तेन्माच्या छातीवर मुठी आपटते : माझा नवरा आधी आला होता. थोड्याच दिवसांनी डोक्यात गोळी लागलेला एक लहान मुलगा येतो, आणि पाठोपाठ शहराचे महापौर. वरून हुकूम येतो. तेन्मा या वेळी ऐकत नाही. तो मुलाच्या शस्त्रक्रियेला उभा राहतो. मुलगा वाचतो, महापौर जातात, तेन्माची बढती आणि ठरलेले लग्न दोन्ही जातात. नऊ वर्षांनी तो वाचवलेला मुलगा परत येतो, आणि तो खुनी झालेला असतो.

मी त्या रात्री योग्य केले का, हा प्रश्न घेऊन तो डॉक्टर उरलेली मालिका जर्मनीभर फिरतो. जेवणाच्या टेबलावर या प्रश्नावर आमच्या घरी दोन तट पडले आहेत. माझे यजमान भूलतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या मते प्रश्नच चुकीचा आहे, कारण टेबलावर आलेल्या रुग्णाचे पुढचे आयुष्य हा भूलतज्ज्ञाचा विषय नव्हे. रात्री अकरा वाजता ‘साहेबांचा माणूस आहे, जरा आधी घ्या’ असा फोन ज्याला कधी आला आहे, त्याने पहिले चार भाग सलग पाहावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियांची यादी नसेल, असा दिवस निवडावा.